खिशात इंटरनेट, तरी पायरी कॅफेची!

मे महिन्यातले टळटळीत ऊन. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर सात-आठ दुकाने ओळीने उभी आहेत. एक रसवंती, एक चपलांचे दुकान, एक मोबाइल दुरुस्तीवाला आणि त्यांच्या मधोमध दहा बाय बाराचा एक गाळा. गाळ्यावरची पाटी उन्हाने पार विटली आहे, तरी अक्षरे लागतात : 'इंटरनेट – ताशी २० रुपये'. सकाळचे दहा वाजलेले नाहीत, तोच त्या गाळ्याच्या पायरीवर बारा-पंधरा माणसे जमली आहेत. कोणाच्या हातात प्लास्टिकची फाइल, कोणाच्या काखेत पिशवी. गंमत म्हणजे जवळजवळ प्रत्येकाकडे मोबाइल आहे आणि त्या प्रत्येक मोबाइलमध्ये इंटरनेटही आहे. काही जण तर वाट बघता बघता त्याच मोबाइलवर व्हिडिओ पाहत बसले आहेत.

मग इंटरनेट खिशात घेऊन ही माणसे इंटरनेटच्या दुकानासमोर ताटकळत कशाला बसली आहेत?

हाच प्रश्न २०२५ च्या उन्हाळ्यात एका आईलाही पडला होता. बाई घरी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत जरा जास्त काम. नवरा टेम्पो चालवतो. थोरली मुलगी दहावीला ८४ टक्के मिळवून पास झाली, तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले आणि दुसऱ्याच दिवशी अकरावीच्या प्रवेशाची काळजी सुरू झाली. कारण त्या वर्षी अकरावीचा प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात एकदमच ऑनलाइन झाला होता. तोवर ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती होती. तालुक्याच्या गावी मात्र कॉलेजात जायचे, खिडकीवरून फॉर्म घ्यायचा, शिपायाला विचारून तो भरायचा आणि यादीची वाट पाहायची, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. आता खिडकी गेली, शिपाई गेला आणि त्यांच्या जागी एक संकेतस्थळ आले.

'कॅफेवाल्याकडे गर्दी आहे, शंभर-दीडशे रुपये घेतो म्हणे,' असे शेजारणीने सांगितले. आईने हिशेब केला. शंभर रुपये म्हणजे चार साड्यांचे फॉल. घरात रोज दीड जीबी येतोच आहे, तो काय नुसता रील्स बघायला? मुलगीही हुशार. ती म्हणाली, "आई, मी भरते ना. त्यात काय एवढं!" आणि तिने खरोखरच भरला. रेंज चांगली येते म्हणून ती अंगणातल्या लिंबाखाली बसली. नाव, जन्मतारीख, बैठक क्रमांक, जातीचा दाखला, सगळे त्या सहा इंची पडद्यावर. अधूनमधून बोट घसरायचे, पान पुन्हा पहिल्यापासून उघडायचे. पण पोरीने चिकाटी सोडली नाही. अर्जाचा पहिला भाग पार पडला. दुसऱ्या भागात कॉलेजांचे पसंतीक्रम द्यायचे होते. कमीत कमी एक, जास्तीत जास्त दहा. तिने चार दिले. गावातले कॉलेज पहिले, कारण तिथे चालत जाता येते.

आता फक्त 'लॉक' म्हणून बटण दाबायचे राहिले होते. इथे आईचा हात अडला. पन्नास रुपयांचे कापड कापतानाही जी बाई दोनदा टेप लावते, ती पोरीच्या दोन वर्षांवर एका बोटाने कात्री कशी चालवू देईल? ती म्हणाली, "दाबू नको. आधी कागदावर छापून आण. एकदा डोळ्यांनी बघू दे."

छापायचे म्हणजे कॅफे आलाच.

एका कागदासाठी

गाळ्याचा मालक पंचेचाळिशीचा. गावात त्याला सगळे 'दादा' म्हणतात. मायलेकींचा नंबर आला, तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. मुलीने मोबाइल पुढे केला.

"काका, एवढंच छापून द्या."

"मोबाइलवरून नको, अर्धंच येईल. इथं संगणकावर उघड. हां, पासवर्ड तूच टाक. मी तिकडं बघतो."

त्याने खरेच मान फिरवली. मुलीने पासवर्ड टाकला, पान उघडले. घरच्या पडद्यावर जे तुकड्यातुकड्याने दिसत होते, ते इथे एका नजरेत समोर आले. दादाने छपाईची आज्ञा देण्यासाठी माऊस धरला आणि तो थांबला.

"बाळा, पहिला नंबर हाच द्यायचाय का तुला?"

"हो काका, गावातलंच कॉलेज आहे ना ते."

"कॉलेज गावातलंच आहे. पण ओळीच्या शेवटी काय लिहिलंय ते वाच."

मुलीने वाचले. 'स्वयंअर्थसहाय्यित.' त्याच्याच खाली, त्याच कॉलेजची, त्याच विज्ञान शाखेची दुसरी ओळ होती. तिच्या शेवटी होते 'अनुदानित.' मोबाइलच्या पडद्यावर कॉलेजचे लांबलचक नाव मावता मावता ओळीची शेपटी उजवीकडे कापली गेली होती. बोटाने पडदा सरकवला असता तर ती दिसली असती. पण तिकडे अजून काही आहे, हे ठाऊक असायला हवे ना!

आईला दोन्ही शब्द नीट कळले नाहीत. तिने विचारले, "म्हणजे काय हो दादा?"

"ताई, इमारत एकच, बाकंसुद्धा तीच असतील. पण अनुदानित तुकडीतल्या मास्तरांचा पगार सरकार देतं, म्हणून तिथं फी कमी. दुसऱ्या तुकडीचा खर्च पोरांच्या फीमधून निघतो. तिथं हजारांत बोलावं लागतं."

"मग ती मिळाली तर नको म्हणू की. पुढच्या यादीत बघू."

"तिथंच तर मेख आहे," दादा म्हणाला. "पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं, तर तिथंच प्रवेश घ्यावा लागतो. नाही घेतला, तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून पोरगी बाहेर. मग सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते."

आई काही क्षण बोललीच नाही. ८४ टक्क्यांना पहिली पसंती लागणार, हे जवळजवळ नक्की होते. म्हणजे मार्क चांगले होते, म्हणूनच ती अडकली असती! मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. "काका, मी नीट बघितलं होतं हो," ती पुटपुटली.

"अगं, तू नीटच बघितलंस. पडदाच लहान होता," दादा म्हणाला आणि त्याने खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बस, आता तूच बदल."

आणि एका कागदासाठी आलेल्या त्या मायलेकी पाऊण तासाने बाहेर पडल्या.

फळ्यांच्या आडोशातले दिवस

या गाळ्याने बरेच काही पाहिले आहे. भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. सुरुवातीला ते इतके महाग होते की घरात इंटरनेट असणे ही डॉक्टर-कारखानदारांची चैन. त्या अडचणीतूनच सायबर कॅफे जन्माला आले. ज्याला वर्षाचे पैसे भरणे परवडत नाही, त्याने तासाचे भरावेत, इतका साधा तो धंदा. सायकल भाड्याने मिळते, तसे इंटरनेट भाड्याने.

दादाने २००३ मध्ये चार जुने संगणक घेऊन दुकान टाकले. प्लायवुडच्या फळ्या ठोकून आडोसे केले. तेव्हा ताशी चाळीस रुपये होते; पुढे तीस झाले, मग वीस. पाटीवर राहिला आहे तो हा शेवटचा दर. दुबईला गेलेल्या मुलाचे ई-मेल वाचायला म्हातारे वडील यायचे आणि उत्तर दादाला तोंडी सांगायचे. कॉलेजची पोरे चॅटिंगला यायची, पुढे ऑर्कुटला. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी तर दारात चपलांचा ढीग पडे. निकाल छापून देताना नापास पोराच्या पाठीवर हात ठेवण्याचे कामही बऱ्याचदा दादाच्याच वाट्याला यायचे.

मग २०११ मध्ये केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम केले. आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नको, येणाऱ्याचे ओळखपत्र पाहायचे, नोंदवही ठेवायची आणि ती किमान एक वर्ष जपायची. आडोशात काय चालते, याची कुजबुज तोवर बरीच झाली होती आणि ती सगळीच खोटी नव्हती. दादाने फळ्या कापल्या. धंदा थोडा मंदावला, पण चालत राहिला.

खरा तडाखा बसला तो ५ सप्टेंबर २०१६ नंतर. जिओ आले आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत इंटरनेट चक्क फुकट वाटले गेले. बाकीच्या कंपन्यांनाही भाव पाडावे लागले. जे भाड्याने मिळत होते ते फुकट मिळू लागल्यावर भाडे कोण देणार? वर्षभरात स्टँडसमोरचे दुसरे दोन कॅफे बंद पडले. एकात आता मोमोज मिळतात, दुसऱ्यात मोबाइलची कव्हरे. दादाने दोन संगणक भंगारात विकले. तिसराही विकायला काढला होता. गिऱ्हाईक आले नाही, म्हणून तो राहिला.

आणि मग माणसे परत येऊ लागली. वेगळ्याच कामांसाठी. कोणाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, कोणाला सातबारा काढायचा, कोणाला रेल्वे भरतीचे प्रवेशपत्र छापायचे. लस घ्यायलासुद्धा २०२१ मध्ये आधी संकेतस्थळावर नाव घालावे लागले होते. सरकारचा एकेक कागद ऑनलाइन होत गेला आणि विटलेल्या पाटीखालची गर्दी वाढत गेली. तासावर पैसे आता कोणीच देत नाही. पैसे कामावर ठरतात : एक पान छापायचे इतके, अर्ज भरायचा इतके.

दिसणे वेगळे, पार पडणे वेगळे

आज देशात ९० कोटींहून जास्त इंटरनेट जोडण्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक मोबाइलवरच्या. चहाच्या एका कपाच्या पैशात गिगाबाइटभर डेटा मिळतो. इतके असून काम अडते कुठे?

पहिली अडचण फोटोची. सरकारी बँकांच्या भरतीचा अर्ज घ्या. त्यात फोटो २० ते ५० केबीचा लागतो, सही १० ते २० केबीची. शिवाय डाव्या अंगठ्याचा ठसा आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलेले प्रतिज्ञापत्र, त्यांची मापे आणखी निराळी. आजच्या मोबाइलने काढलेला एक फोटो सहज दोन-तीन हजार केबीचा असतो. म्हणजे बैलगाडी सुईच्या नेढ्यातून काढण्याचाच प्रकार! मोबाइलवर हे होत नाही असे नाही. पण त्यासाठी कुठले तरी अनोळखी ॲप घ्यायचे, त्याच्या जाहिराती झेलायच्या आणि आपली सही व ठसा त्या ॲपच्या हवाली करायचा. कॅफेत सपाट काचेवर कागद ठेवला की दोन मिनिटांत काम होते.

दुसरी अडचण ओटीपीची. ज्या मोबाइलवर अर्ज भरायचा, त्याच मोबाइलवर ओटीपी येतो. तो बघायला गेले की अर्जाचे पान मिटते आणि परत येईपर्यंत वेळ संपलेला असतो. संगणकावर अर्ज आणि हातात मोबाइल असला की ही कसरत करावी लागत नाही.

तिसरी अडचण कागदाची. सारे काही ऑनलाइन झाले म्हणतात, पण परीक्षेच्या फाटकावर प्रवेशपत्र कागदावरच लागते, प्रवेशाच्या वेळी कागदांचा गठ्ठाच लागतो. आणि छपाईयंत्र घरात कितीशा लोकांकडे असते?

चौथी गोष्ट पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. अभियांत्रिकी आणि फार्मसीची सीईटी, रेल्वे, बँक, कर्मचारी निवड आयोग या सगळ्या परीक्षा आता संगणकावर होतात. मोबाइलवर अभ्यास केलेल्या कित्येक पोरांचा हात माऊसवर पहिल्यांदा पडतो, तो थेट परीक्षेच्या हॉलमध्ये. पोहण्याची पुस्तके वाचून विहिरीत उडी मारण्यातलाच हा प्रकार. म्हणून परीक्षेच्या आधी आठ दिवस दादाकडे काही मुले रोज तासभर सराव परीक्षा देऊन जातात. त्यांच्यापुरता तासाचा हिशेब अजून चालू आहे.

आणि पाचवी गोष्ट सगळ्यांत मोठी. मोबाइल घरात असतो, म्हणून तो बाईच्या हातात असतोच असे नाही. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेसाठी सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा हे लख्ख दिसले. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागत होता. नवरा ट्रक घेऊन कर्नाटकात, त्याचा मोबाइल त्याच्या खिशात. मग बाई कॅफेत बसून त्याला फोन लावणार, तो गाडी कडेला घेऊन सहा आकडे वाचून दाखवणार, दादा ते इकडे टाकणार. असे दृश्य त्या दिवसांत रोज दिसे. महिन्याचे दीड हजार रुपये त्या सहा आकड्यांवर टांगलेले. ज्यांचे नवरे आणि वडील दोघेही हयात नव्हते, त्या बायकांच्या चेहऱ्याकडे तर बघवत नसे.

थोडक्यात, मोबाइलवर सगळे दिसते. पण दिसणे वेगळे आणि पार पडणे वेगळे. चूक झाली तर आपले नुकसान होईल, असे काम करताना माणसाला शेजारी आणखी एक जोडी डोळे हवे असतात. पूर्वी टपाल कचेरीच्या दारात मनीऑर्डरचे फॉर्म भरून देणारे बसत, कोर्टाबाहेर टंकलेखक बसत. कॅफेवाला त्यांचाच वारस. इंटरनेट तो आता विकत नाही. 'थांबा, हे एकदा वाचून बघा' एवढे म्हणण्याचे तो पैसे घेतो.

विश्वास, पण डोळे उघडे ठेवून

सगळेच कॅफेवाले दादासारखे असतात, असे समजण्याचे मात्र कारण नाही. घाईत असलेला कॅफेवाला अर्जात स्वतःचाच मोबाइल नंबर टाकून मोकळा होतो. त्या वेळी काम भागते. पुढे सहा महिन्यांनी शिष्यवृत्तीत त्रुटी निघते, निरोप त्या नंबरवर जातो आणि मुलाला पत्ताच लागत नाही. तोवर कॅफेवाल्याचा नंबर बदललेला असला, तर खाते उघडतच नाही. कित्येक ठिकाणी गिऱ्हाइकांची आधार कार्डे, पासबुके, दाखले महिनोन् महिने संगणकावर तसेच पडून असतात. पुढचा माणूस येतो आणि सहज उघडून बघतो.

हा धोका सरकारलाही ठाऊक आहे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने एक सूचना काढली होती : ई-आधार सायबर कॅफेच्या संगणकावर उतरवू नका, उतरवलेच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसून टाका. सूचनेच्या इतर मजकुरामुळे गोंधळ माजला आणि दोनच दिवसांत ती मागे घेतली गेली. पण पुसून टाकण्याचा सल्ला मात्र सोळा आणे खरा होता आणि आजही आहे.

म्हणून कॅफेत जाताना काही गोष्टी गाठीशी बांधाव्यात. नंबर आणि ई-मेल आपलाच द्यावा. पासवर्ड आपल्या हाताने टाकावा आणि घरच्या वहीत लिहून ठेवावा. शेवटचे बटण दाबण्याआधी पूर्ण अर्ज वाचावा, आपल्याला वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून घ्यावा. काम झाल्यावर खात्यातून बाहेर पडावे आणि आपले कागद संगणकावरून समोर पुसून घ्यावेत. पोच छापून घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नये. आणि दर आधी विचारावा. त्यात संकोच कसला? भाजी घेताना विचारतोच ना!

दादाच्या भिंतीवर खडूने लिहिले आहे : 'पासवर्ड मला सांगू नका.' एका म्हातारबुवांनी त्याला विचारले, "का रे बाबा? तुझ्यावर भरवसा आहे आमचा."

"तुमचा आहे हो आबा," दादा म्हणाला. "पण उद्या काही इकडचं तिकडं झालं, तर आधी माझ्याकडंच बघाल ना!"

गावोगावचे दादा

हे काही एका तालुक्याचे चित्र नाही. इंदूर-देवासच्या बाजूला 'एमपी ऑनलाइन'च्या पाट्या दिसतात, उत्तर प्रदेशात 'जनसेवा केंद्र', आपल्याकडे 'आपले सरकार सेवा केंद्र'. नोकरभरतीच्या परीक्षांचे तांडे जिथून निघतात, त्या प्रयागराज आणि पाटण्याच्या गल्ल्यांत अर्जाच्या शेवटच्या तारखेला मध्यरात्रीपर्यंत कॅफे उघडे असतात. केरळने तर ही गरज फार आधी ओळखली. मलप्पुरम जिल्ह्यात २००२ मध्ये 'अक्षय' केंद्रे सुरू झाली, ती घरटी एका माणसाला संगणकाची ओळख करून देण्यासाठी. आज त्याच केंद्रांत लोक दाखले काढतात आणि बिले भरतात.

यावर कोणी म्हणेल, की अर्जच इतके सोपे करावेत की मध्ये माणूस लागूच नये. खरेच आहे. 'अनुदानित' आणि 'स्वयंअर्थसहाय्यित' यांतला फरक लाल अक्षरांत, पहिल्याच ओळीत, फीच्या आकड्यासकट दाखवला असता, तर त्या मुलीला लिंबाखाली बसूनच तो कळला असता. रांगेत बसणारी माणसे अडाणी नाहीत. तीच माणसे मोबाइलवर पैसे पाठवतात, बाजारभाव बघतात, नातवाचे फोटो मागवतात. जे साधे केले गेले, ते त्यांना सहज जमले. जे किचकट ठेवले गेले, त्यासाठी ती पायरी चढतात. म्हणून कॅफेसमोरची गर्दी ही लोकांच्या अज्ञानाची खूण मानण्याआधी अर्ज तयार करणाऱ्यांनी तिथे एक दिवस येऊन बसावे. दादा चहा पाजेल.

पण अर्ज सोपे होतील तेव्हा होतील. तोवर पोरांची वर्षे थांबत नाहीत.

जूनच्या अखेरीस पहिली यादी लागली. मुलीला पहिलीच पसंती मिळाली. गावातले कॉलेज, विज्ञान शाखा, अनुदानित तुकडी. ही बातमी तिने मोबाइलवरच पाहिली, रात्री, लिंबाखाली बसून. त्यासाठी कॅफे लागला नाही. सकाळी मात्र प्रवेशाचे पत्र छापायला मायलेकी स्टँडवर आल्या.

दादाने दोन प्रती काढल्या. "एक कॉलेजला, एक घरी ठेवा. वीस रुपये."

आईने पिशवीतून वीसची नोट काढली. मग पुन्हा हात घालून पेढ्यांचा पुडाही काढला. दादाने एक पेढा तोंडात टाकला आणि बाकीचे पायरीवरच्या लोकांत फिरवायला मुलीच्या हातात दिले. रांगेत शेवटी एक आजी बसली होती. हातात संजय गांधी योजनेचा कागद, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. तिने पेढा घेतला आणि विचारले, "पोरी, एवढं वाचून सांगतेस का, काय लिहिलंय?"

मुलगी आजीच्या शेजारी पायरीवर बसली. कागद उन्हाच्या तिरिपेला धरून तिने पहिल्या ओळीपासून सावकाश वाचायला सुरुवात केली. प्रत्येक ओळ, अगदी उजवीकडच्या शेवटच्या शब्दापर्यंत.